तत्रैव कोणाची सून?

मी एक जुनी पितळी दौत आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं म्हणून नाक मुरडायचं काम नाही. माझ्या वयाच्या काचेच्या दौती कधीच फुटून उकिरड्यावर गेल्या. मी अजून बसले आहे तशीच, बूड घट्ट टेकून.

माझा जन्म नंदुरबारचा. एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. शेवटी झाकणाला मोराची मान काढली आणि म्हणाला, "हाई कोन्हा कारकूनले देऊ नही, मास्तरले देसू." शब्द खरा केला त्याने. प्रकाशा गावचा बन्सीलाल फायनल पास होऊन मास्तर झाला, तेव्हा त्याने बाजारातून मलाच उचललं. तेव्हापासून माझं घर प्रकाशाला, तापीच्या काठी.

कामाला मी कधी मागे सरले नाही. शाळेची हजेरी माझ्या शाईने, गावाचे अर्ज माझ्या शाईने, लग्नाच्या याद्याही माझ्याच शाईने. "दौत असावी ते अशी," असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? कौतुक कोणाला कडू लागतं?

पण माझी खरी कसोटी लागली ती कानबाईच्या गाण्यांनी.

श्रावणात आमच्याकडे खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. त्या रात्री बाया जी गाणी म्हणतात, ती बन्सीलालने लिहून घेतली. गाणी सांगणारी होती धनुबाई. भाईदास पाटलाची बायको, बन्सीलालच्याच गल्लीतली, आवाज असा की तापीच्या पलीकडे जावा. बन्सीलाल तिच्या डोळ्यांसमोर वाढलेला, म्हणून तो तिला धनुमाय म्हणायचा आणि ती त्याला नुसतं बन्सी.

बन्सीलालने त्या गाण्यांवर मोठा लेख लिहिला आणि पुण्याच्या एका संशोधनाच्या त्रैमासिकाला धाडला. लेख परत आला. सोबत संपादकांचं कार्ड. लेख उत्तम आहे, पण आधार कुठे आहेत? प्रत्येक गाण्याला आकडा द्यावा. पानाच्या तळाशी त्या आकड्यापुढे सांगणाऱ्याचं पूर्ण नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, आडनाव, गाव आणि साल लिहावं. ग्रंथ असेल तर ग्रंथकार, ग्रंथ, आवृत्ती आणि पान. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत दुरुस्त प्रत आली तरच छापू.

बन्सीलालने तळाशी काय लिहिलं होतं ठाऊक आहे? "एका म्हाताऱ्या बाईकडून ऐकले." बस, एवढंच. हे त्याने ओट्यावर वाचलं आणि धनुबाईच्या कानावर पडलं.

"म्हतारी बाई?" ती म्हणाली. "मन्हं नाव मरी गयं का?"

मित्रांनो, त्या बाईचं नाव तोवर कुठेच शाईने लिहिलेलं नव्हतं. शाळेच्या पटावर नाही, शेताच्या कागदावर नाही. आता ते पुण्यात छापलं जाणार हे तिला कळलं, तेव्हा तिने नवं लुगडं नेसून माझ्यासमोर बैठक मारली. जणू फोटोच काढायचा आहे.

"नवरानं नाव सांग, धनुमाय."

तिने पदर ओढून घेतला. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव उगाच घेत नाही. "तो बठेल शे ना वट्टावर," ती म्हणाली, "त्यालेच इचार."

भाईदास पाटील विडी ओढत हसले. नाव बन्सीलालला ठाऊकच होतं. त्याने टाक माझ्यात बुडवला आणि वळणदार लिहिलं: धनुबाई भ्रतार भाईदास पाटील, मुक्काम प्रकाशा. मी त्या दिवशी माझी सगळ्यात दाट शाई दिली.

सगळी प्रत तयार झाली तशी त्याने तळटीपा वाचून दाखवल्या. पहिल्या गाण्याला धनुबाईचं नाव. दुसऱ्याला म्हणाला, "तत्रैव." तिसऱ्याला, "तत्रैव." चौथ्यालाही तेच.

धनुबाईने हात पुढे केला आणि माझं तोंडच दाबून धरलं. आजवर असं धाडस कोणी केलं नव्हतं. तिच्या तळव्यावर शाईचं गोल कडं उमटलं.

"हाई तत्रैव कोन्ही सून शे?"

"कोन्हीच नही, धनुमाय..."

"प्रकाशामा या नावनी बाई नही. माहेरपनले उनी व्हई कोठूनबी. गाना म्हनू मी, आनि नाव तिन्हं? मन्हा सगळा गाना पुसी टाक."

ती उठली आणि घरी निघून गेली. बन्सीलाल डोक्याला हात लावून बसला. आखाजी तोंडावर, आणि जिची गाणी तीच नाही म्हणते. तिच्या मर्जीविरुद्ध छापायला तो तयार नव्हता. तेवढा तो सरळ होता. म्हणून मी त्याची दौत.

शेवटी एका हातात मला आणि एका हातात कागद घेऊन तो तिच्या ओट्यावर गेला. ती डाळ पाखडत होती. त्याने समजावलं, "तत्रैव म्हनजे तठेज. वर ज्यान्हं नाव शे, त्यान्हंज. घडीघडी लिखाले नको म्हनीसन पंडितासनी हाऊ शब्द काढा."

सूप थांबलं.

"म्हनजे मीज?"

"तूज."

"दुसरीबी मी, तिसरीबी मी?"

"सगळ्या तूज, माय."

"मंग सरळ तठेज लिख ना."

"पुनावालासले समजाव नही."

ती हसली. अशी हसली की सुपातली डाळ सांडली. "वाच आखो," म्हणाली. तो वाचत गेला आणि प्रत्येक तत्रैवला ती मान डोलवत गेली. सातव्याला मात्र तिची मान थांबली.

"सातवं मन्हं नही."

बन्सीलालने वर पाहिलं.

"कौसानं शे. तिनी माले शिकाडं." कौसाबाई म्हणजे शेजारीण. घागर आधी कोणी भरायची यावरून दोघींचं बोलणं आटलेलं. "बोलत नही ती गोष्ट येगळी. गानं तिन्हंज शे. तिन्हं नाव लाव."

बन्सीलालने तत्रैव खोडून कौसाबाईचं पुरं नाव लिहिलं. मग टाक हवेतच राहिला. "मंग आठवाले तत्रैव चालाव नही. ते कौसाबाईनं व्हई जाई. तुन्हं नाव आखो पुरं लिखनं पडी."

"पुरं? गाव, आडनाव, सगळं?"

"सगळं."

 धनुबाई सूप बाजूला सारून सरसावून बसली. "लिख मंग. दहावं मन्ही नणंद शोभानं शे. बारावं मन्ही मायनं."

अशी एकेकीची नावं निघाली. प्रत्येक परक्या नावामागून धनुबाईचं नाव पुन्हा पुरं लिहावं लागलं. मी रिकामी झाले, मला भरलं, पुन्हा रिकामी झाले. एवढं सुख मला कधी झालं नव्हतं.

प्रत वेळेवर गेली. अंक आला तो नेमका श्रावणात. कानबाईपुढे बसून बन्सीलालने लेख वाचायला घेतला, तर बाया म्हणाल्या, वरचं राहू दे, खालचं वाच. खालचीच नावं वाचली गेली, आणि आपलं नाव आलं की जी ती लाजून पदरात तोंड लपवी. कौसाबाई तेवढी कुरकुरली.

"मन्हं एकज येळ, आनि तुन्हं इतली येळ?"

"मंग आखो गाना सांग ना बन्सीले," धनुबाई म्हणाली. त्यांचं बोलणं असं सुरू झालं आणि मग कोणाला थांबवता आलं नाही.

आता बन्सीलालच्या खिशाला झरणी, म्हणजे फाउंटन पेन, असते, आणि मी कोनाड्यात बसते. तक्रार नाही. पण मित्रांनो, तुम्ही शाळेत निबंध लिहाल, कोणाची गोष्ट लिहाल, कोणाचं गाणं. ते ज्याच्याकडून ऐकलं त्याचं नाव खाली लिहायला आळस करू नका. पुरं लिहा, गावासकट. आणि घरात माझ्यासारखी एखादी धूळ खात असेल तर तिला चिंच लावून घासा. पितळेची जात आमची, लगेच उजळतो.