कॅमेऱ्यासमोरची जागा

“तुम्ही बघत होतात. माझ्या आईच्या मागे बिबट्या उभा होता आणि तुम्ही नुसते बघत होतात.”

दीप्तीने फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. पलीकडचा मुलगा नम्र होता. त्याला नम्रपणाचाच पगार मिळत असावा.

“मॅडम, आपण कुठल्या प्रक्षेपणाबद्दल बोलताय?”

“आरेतला बिबट्या. चोवीस तास थेट. तुमचंच ना? आज सकाळचं काढा.”

“हो मॅडम. आजचं फुटेज खूपच सुंदर आलंय.”

सुंदर. दुपारी अंधेरीच्या ऑफिसात हर्षदही हेच म्हणाला होता. डबे उघडत होते, तेवढ्यात त्याने मॉनिटर सगळ्यांकडे वळवला.

“दीप्ती, ये गं, तुमच्या एरियातला हिरो बघ. काय सुंदर दिसतोय यार!”

पडद्यावर सकाळचं रेकॉर्डिंग: उजाडायच्या बेताचा करडा उजेड, करवंदीची जाळी, जाळीतून वर आलेले दोन कान. जाळीच्या पुढे एक बाई बसलेली, शेजारी टमरेल. कोणीतरी फिसकन हसलं. बाजूच्या पट्टीत बघणाऱ्यांचे लाल बदाम आणि मेसेज भराभर वर सरकत होते. ‘मावशी, हलू नका, फ्रेम मस्त आहे.’ ‘शू, तो बिचकेल.’

बाईचा चेहरा नीट दिसत नव्हता. स्वेटरची वरची दोन बटणं मात्र वेगवेगळ्या रंगांची होती. ती दीप्तीनेच लावली होती.

“ती माझी आई आहे,” ती म्हणाली.

हर्षदचा हात माऊस शोधत टेबलभर फिरला. पुढचं तिने बघितलं नाही. समोरचा डबा आईने त्यानंतर घरी येऊन भरला होता. तो तसाच बंद करून ती निघाली.

“मॅडम, ते वन्यजीवांचं क्षेत्र आहे,” फोनमधला मुलगा सांगत होता. “रहिवाशांनी जाऊ नये असा फलक लावलाय तिथे.”

“मग कुठे जायचं? वस्तीच्या संडासाला दिवाळीपासून कुलूप आहे. तुमच्या कॅमेऱ्यासाठी खांब आला, वायर आली, दोनदा साफ करायला माणूस आला. आमचा संडास उपसायला कोणी येत नाही.”

“तो विभाग वेगळा आहे, मॅडम.”

“बिबट्याला सांगून ठेवा, कुठला विभाग कोणाचा ते.”

कमल खाली बसून मेथी निवडत होती. “ओरडू नको गं. त्या पोराची काय चूक?”

“आई, उद्यापासून तू तिकडे जायचं नाहीस.”

“मग काय धरून बसू? आणि तीच जागा बरी आहे. आम्ही सगळ्या मुद्दाम तिथेच जातो आता.”

“मुद्दाम?”

“आधी गोठ्यामागे जायचो, अंधारात. खांब रोवायला आलेला साहेब बोलला, यातून हजारो माणसं बघणार, दिवसरात्र. म्हटलं, बरं झालं बाई. लाज काय, लाज गोठ्यामागे पण होती. पण तो आला तर कोणीतरी बघेल, भोंगा वाजवेल. शेजारची सुहासिनी तर नातीला पण तिथेच पाठवते.”

दीप्तीने गॅस बंद केला. भाजी अजून चढवलीच नव्हती.

“ऐकलंत?” ती फोनकडे बघून म्हणाली.

मग तो मुलगा हळू म्हणाला, “मॅडम, त्याला भोंगा नाहीये. आवाजाने प्राणी विचलित होतात. आणि बघणारे म्हणजे... ते आपापल्या घरी असतात. इथून कोणी काही करू शकत नाही.”

कमलच्या बोटांतली काडी तशीच राहिली. तिने हात पदराला पुसले, गुडघ्यावर भार देत उठली आणि ओट्यापाशी आली. तो मुलगा लांब असल्यासारखी ती फोनवर वाकली.

“बाळा, मी कमल. सकाळी बसले होते ती. मागे पाचोळा वाजला तेव्हा मला वळायचा धीर झाला नाही. उठायचा पण नाही. म्हणून मी तुमच्याकडे बघितलं आणि हात वर केला. बराच वेळ धरला होता, दुखायला लागला तोवर.”

“मावशी, मी...”

“तू नाही तर दुसरं कोणी असेल. माणसं होती ना तिकडे?”

कमलने फोन उचलून तोंडाजवळ धरला.

“होती की नव्हती, तेवढं सांग.”