मास्तरांनी दाखवला सातारा

सांगलीबाहेरच्या एका शेडमध्ये शाळांचे गणवेश शिवायचं काम चालायचं. तिथले कटिंग मास्तर म्हणजे जाफर. कापडाच्या थप्पीवर खडूनं रेघ ओढली की पुन्हा टेप लावायला नको, असा हात. पण माणूस भोळा. मोठ्या मालकांच्या हाताखाली त्यांची उमेदीची वर्षं गेली. मोठे मालक वारले आणि त्यांचा मुलगा विश्वजित धंदा बघायला लागला, तेव्हा मास्तर त्यालाही ‘दादा’ म्हणू लागले. लहानपणी ज्याला चिंध्यांचे चेंडू करून दिले त्याला दादा म्हणताना त्यांना काही अवघड वाटलं नाही.

उन्हाळ्यात एकदा शेडवर टेंपो आला होता. दोन मशिनी दुरुस्तीला न्यायच्यात, असं ड्रायव्हर म्हणाला. पण मालक कारखाना हलवणार ही कुणकुण बायकांना आधीच लागली होती. काज-बटणाला बसणारी चंद्राबाई उठली आणि टेंपोच्या चाकापुढं मांडी घालून बसली. तिच्यामागनं सगळ्या बसल्या. इस्त्रीवाल्या तानाजीनं गेटला साखळी घातली. शेवटी विश्वजितनं स्वतः येऊन हात जोडले आणि टेंपो रिकामाच परत गेला. तेव्हापासून शेडवर सगळ्यांचा डोळा होता. निम्मे कामगार मागच्याच चाळीत राहायचे. गेट वाजलं तरी चाळीत कुणी ना कुणी उठून बघायचं.

गणपती उठल्यावर विश्वजितनं मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं.

“मास्तर, तुमचं गाव सातारा ना?”

“व्हय दादा. शनिवार पेठेत जन्म आमचा.”

“मग सगळ्यांना सातारा दाखवून आणा. बस माझी, खाणंपिणं माझं. उन्हाळ्यात झालं ते झालं. माझ्या मनात काही नाही, एवढं त्यांना कळू दे. फक्त कुणी मागं राहता कामा नये हं. वॉचमनसुद्धा. एकजण राहिला तरी त्याच्या मनात राहतं.”

मास्तरांचे डोळे भरून आले. मोठे मालक गेल्यापासून त्या केबिनमध्ये त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. घरी येऊन त्यांनी बायकोला, नूरजहांला, सगळं सांगितलं. कासच्या फुलांची वेळ आहे, अजिंक्यतारा आहे, ठोसेघरला धबधब्याला पाणी आहे. कुठं आधी जायचं, कुठं जेवायचं, ते चार दिवस त्याच नादात होते.

तानाजी सहजासहजी तयार होईना. “एवढा उमाळा कशापायी आलाय रं दादास्नी?”

“तुला समद्यात खोटच दिसती गड्या. माज्या जबाबदारीवर चल.”

चंद्राबाईनं तर साफ नाही म्हटलं. “माजं गुडघं गेल्यात मास्तर. मी हितंच ऱ्हाते. शेडकडं बी ध्यान ऱ्हाईल.”

“आवं मावशी, मी हाय की. लागलं तर पाठीवर घालून न्हेतो. तुमी न्हाई आला तर मी बी जात न्हाई.”

दोनदा तिच्या दारात जाऊन बसले तेव्हा ती हसली. “बरं बाबा. तुमच्या शब्दाखातर येते.”

बस पहाटे निघाली. कराड मागं पडलं तसे मास्तर सीटवर बसेनात. उभं राहून खिडकीतून हे दाखव, ते दाखव चाललं. अजिंक्यताऱ्यावर चंद्राबाईचा हात धरून त्यांनी तिला पायरी पायरीनं वर नेलं. वाऱ्यानं तिचा पदर उडत होता. खाली सगळं गाव पसरलेलं.

“त्यो बगा राजवाडा. त्येच्या अंगाला आमची शाळा. आन् त्या झाडाच्या मागं आमच्या अब्बांचं दुकान हुतं, गाद्या भरायचं.”

“येवढं मोठं गाव सोडून आमच्यात कशाला आलासा वो?” चंद्राबाई म्हणाली, तशा बायका हसल्या. मास्तरही लहान पोरासारखे हसले.

इतक्यात विश्वजितचा फोन आला. “मजा चाललीय ना? सगळ्यांचा मिळून एक फोटो पाठवा बरं. सगळे दिसले पाहिजेत.”

मास्तरांनी सगळ्यांना तटाजवळ उभं केलं, फोटो काढला, पाठवला. जरा वेळानं पुन्हा फोन.

“मास्तर, फोटोत गुंडा नाही दिसत.”

गुंडा म्हणजे वॉचमन. तो तेवढ्यात झुडपाआड गेला होता. मास्तरांना उलट कौतुक वाटलं. “बगा, दादांचं कसं ध्यान असतंय समद्यांवर!” असं म्हणत त्यांनी गुंडाला हाक मारली, मधोमध उभं केलं आणि दुसरा फोटो पाठवला. “आता ठीक,” असा निरोप आला. “परतायची घाई करू नका. धबधबाही दाखवा.”

मास्तरांनी सगळं दाखवलं. ‘चार भिंती’च्या स्मारकावरून गाव दाखवलं, यवतेश्वरच्या घाटातून कासला नेलं. तिथं बायका तारेच्या कुंपणाशी उभ्या राहून जांभळ्या-पिवळ्या फुलांकडं बघतच राहिल्या. ठोसेघरला तानाजीनंसुद्धा पँट दुमडून वाहत्या पाण्यात पाय सोडले. “मास्तर, मी उगाच सौंशय घेतला,” तो म्हणाला. मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर खाणं झालं, पेढ्यांचे पुडे घेऊन झाले आणि दिवस कलताना बस गावाबाहेरच्या चौकात चहाला थांबली.

टपरीच्या पलीकडं एक ट्रक उभा होता. मागं ताडपत्री, वरून दोर. चंद्राबाई चहाचा कप हातात घेऊन त्या ट्रककडं एकटक बघत होती.

“मास्तर, माजं श्टूल.”

“कसलं स्टूल मावशी?”

“त्ये बगा, दोराला बांदलंय. वर माजीच गादी हाय. गणवेशाच्या तुकड्यांची.”

तानाजी चाकावर पाय देऊन चढला, ताडपत्रीचं टोक उचललं. आत मशिनी होत्या. एकीला टेकून एक, खचाखच. “हा मागला ट्रक,” ड्रायव्हर बिडी पेटवत म्हणाला. “दोन पुढं गेले लोणंदला. शेड तर रिकामी केली की सकाळधरनं. चाळीतल्या घरच्यांनी विचारलं, तर तुमच्याच माणसांनी कबूल केलंय म्हणून सांगितलं.”

मास्तरांनी विश्वजितला फोन लावला. तानाजीनं शेजारून बोट घालून स्पीकर सुरू केला.

“दादा, हितं आपल्या मशिनी...”

“दिसला का ट्रक? बरं झालं, आता लपवायचं काही राहिलं नाही.” विश्वजितचा आवाज अगदी आनंदात होता. “मास्तर, तुम्ही आज जे काम केलंत ना, ते वडिलांच्या वेळच्या माणसालाच जमतं. लोणंदला पहिलं टेबल तुमचं. आता त्यांना गोडीगुलाबीनं घेऊन या. गेटवर मी माणसं उभी केलीयत, दंगा चालणार नाही.”

फोन बंद झाला. हायवेवरून गाड्या जात होत्या.

“अल्लाची शपथ,” मास्तर म्हणाले, “मला ह्यातलं कायसुदिक...”

“गुंडा फोटोत न्हवता तर दुसरा कशाला काढलास?” तानाजीनं विचारलं.

दादांनी मागितला म्हणून, एवढंच खरं होतं, आणि ते या वेळी बोलता येण्यासारखं नव्हतं. तानाजीची चपराक बसली तेव्हा त्यांचा चष्मा उडून डांबरावर पडला. मग बाकीचे आले. कुणी कॉलर धरली, कुणी केस. बायका शिव्या देत होत्या. आख्खा कारखाना मास्तरांभोवती गोळा झालेला बघून ट्रकवाल्यानं बिडी टाकली, गाडी सुरू केली आणि हळूच रस्त्याला लागला. स्टूल मागं हलत होतं. कुणाच्या ध्यानात येईपर्यंत ट्रक वळण पार करून गेला.

बसमध्ये त्यांना कुणी चढू दिलं नाही. दार लागलं, बस निघाली. मास्तर स्वतःच्याच गावाच्या वेशीवर, फुटका चष्मा हातात धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी एसटीनं सांगलीला आले तेव्हा शेडला कुलूप होतं. चाळीत कुणी त्यांच्या सलामाला उत्तर दिलं नाही. नळावर नूरजहांची घागर रांगेतून काढून उलटी ठेवली गेली. मास्तरांनी लोणंदला फ्लॅट घेतला, पोरीचं लग्न मालक करून देणार, अशा बातम्या पिकल्या. बरेच दिवस ते विश्वजितला फोन लावत राहिले. एकदा त्यानं उचलला.

“मास्तर, इथं कापायचं नवं मशीन बसवलंय. संगणकावरचं. तुम्ही आता आराम करा.”

“मला काम नगो दादा. फकस्त एकदा त्या लोकांस्नी सांगा, मला म्हाईत न्हवतं म्हणून.”

“मला वेळ नाही,” विश्वजित म्हणाला.

शेवटी एका दुपारी मास्तर चंद्राबाईकडं गेले. ती दाराशी बसून कुणाच्या तरी ब्लाउजांना हुक लावत होती. त्यांना बघून ती आत सरकली. त्यांनी उंबऱ्यात बसूनच सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिचा हात हुकांवर चालूच होता.

“मला ठावं हाय मास्तर,” ती हळू म्हणाली. “तुमाला कायबी म्हाईत न्हवतं. गडावर तुमी लेकरागत नाचत हुता. आदी ठावं असतं तर तसं नाचला नसता.”

मास्तर उंबऱ्यात पुढं सरकले. किती दिवसांनी कुणी त्यांच्याकडं नीट बघून बोललं होतं. “मग मावशी, एवढं तानाजीला सांगा. चाळीत सांगा. तुमचं ऐकत्याल.”

“न्हाई सांगायची.”

“का वो?”

“‘मागं ऱ्हाते म्हणली हुतीस, मग गेलीस कशाला,’ म्हणून आदी मलाच बोलत हुती समदी. आता तुमच्याकडं वळल्यात, म्हणून मी सुटले. तानाजीला मिरजंत काम लागलंय, माज्या सुनंला बी लावतो म्हणलाय. तुमच्या बाजूनं बोलून मी कुटं जाऊ?”

बाहेर चपला वाजल्या. तानाजी दारात उभा होता. “ह्यो हितं कशाला आलाय?”

मास्तरांनी चंद्राबाईकडं पाहिलं. तिनं सुईत दोरा ओवला. मान वर केली नाही.

“लोणंदला चल म्हणाय आलाय. मालकानं धाडलंय म्हणं. मी न्हाई म्हणले.”

तानाजीनं दंडाला धरून मास्तरांना रस्त्यावर काढलं. चाळीतली माणसं दारात आली. मास्तरांचं आता कुणाला खरं वाटणार होतं? तोल सावरून ते चालायला लागले, तेवढ्यात मागनं चंद्राबाईचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“परत माज्या दारात पाय ठेवू नगंस, सांगून ठेवते!”

इतक्या वर्षांत ती मास्तरांशी कधी एकेरीत बोलली नव्हती.