डबीवर नसलेलं

"दोन दिवस लावलं नाही की तोंड पेटतं," शिक्षिका म्हणाली आणि तिने मलमाची रिकामी डबी औषधांच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवली. "लावलं की लगेच थंडावा. पार्लरमधल्या संपल्यात म्हणे. तुमच्याकडे एखादी असली तर द्या."

काउंटरमागच्या धाकटीने डबी उचलली आणि सवयीने उलटी केली. केल्यावर तिचं तिलाच हसू आलं. या डबीच्या मागचं सगळं तिला तोंडपाठ होतं. ग्लिसरीन, शिया बटर, सेरामाइड, नायसिनमाइड, हायलुरॉनिक ॲसिड आणि सगळ्यात शेवटी सुगंध. मागच्या वर्षी तिनेच ते वाचून मान डोलावली होती. मग तिने वर पाहिलं आणि हसू मावळलं.

शिक्षिकेची पन्नाशी उलटली होती. डोळ्यांच्या कडेच्या रेघा खरोखरच पुसट झाल्या होत्या आणि कपाळ काचेसारखं चकाकत होतं. पण गालांवर लाल दोऱ्यांसारख्या बारीक शिरा उमटल्या होत्या आणि हनुवटीच्या कडेने पूर्वी नसलेली लव दिसत होती. शाळेत सगळ्याजणी विचारतात, करतेस तरी काय, असं ती कौतुकाने सांगत होती. ऊन लागलं की चरचरतं एवढंच.

धाकटी म्हणाली, आमच्याकडच्याही संपल्या. त्या वेळी तिच्या पाठीमागच्या फळीवर चांगल्या चार-पाच डब्या उभ्या होत्या. नशीब, त्यांच्यापुढे खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. शिक्षिका निघून गेल्यावर तिने त्या डब्या काढून खालच्या खणात टाकल्या. थोड्या वेळाने परत वर ठेवल्या. मग पुन्हा खाली. दुकानाचा मालक चष्म्यावरून हे बघत होता. "मांजर पिल्लं हलवतं तसं काय चाललंय?" त्याने विचारलं. धाकटीने खण लोटून बंद केला.

सासरी ती धाकटी सून म्हणून आली. पुढे मोठी जाऊ परगावी गेली, सासू-सासरे गेले, हिचेही केस पिकले, तरी ही धाकटीच राहिली. दुकानात मात्र तिचं नाव 'उलटी डबी' पडलं होतं. डबीच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते ती वाचतच नसे. पुढे जाहिरात असते, माल मागे असतो, असं तिचं म्हणणं. गिऱ्हाइकं हौसेने आपापल्या डब्या घेऊन यायची आणि ती त्यांना समजावून सांगायची, की जे जास्त घातलंय त्याचं नाव आधी येतं. पाणी ओढून घेणारं वेगळं आणि ते उडू नये म्हणून झाकण घालणारं वेगळं, कोरड्या कातडीला दोन्ही लागतात. रेटिनॉल रेघांवर चालतं, पण जपून, आणि तेही रोज उन्हात हिंडणाऱ्यांनी विचारूनच. एकदा कुणीतरी लहानशी, सोनेरी झाकणाची बाटली आणली होती. आत सुरकुत्या घालवणारं पेप्टाइड आहे म्हणे. धाकटीने बघितलं तर त्याचं नाव सुगंधाच्याही मागे. "हे पेप्टाइड बाटलीत घातलेलं नाही, बाटलीवरून ओवाळून टाकलंय," ती म्हणाली, आणि ती बाई हसत हसत साधं ग्लिसरीनचं मलम घेऊन गेली.

ताईंची डबी तिच्या हातात आली तेव्हा तिने ती अशीच काटेकोर वाचली होती. ताई म्हणजे तिची थोरली नणंद. ऐन तरुणपणी नवरा गेला, मूलबाळ नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावर तिचं दोन खुर्च्यांचं पार्लर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भुवया कोरल्या, दुसऱ्यांचे केस रंगवले, आणि स्वतः मात्र राखाडी साड्यांत वावरली. साठीच्या उंबरठ्यावर तिला हे सुचलं. एक पुरवठादार मोठ्या डब्यातून तयार मलम आणून द्यायचा, घटकांचा कागदही तोच द्यायचा. ताई त्यात आपल्या आवडीचा सुगंध मिसळून छोट्या डब्या भरायची. मलम तिने आधी स्वतःला लावलं. महिनाभरात चेहरा असा उजळला की रस्त्यातल्या बायका थांबून बघू लागल्या. ताई रंगीत कपडे घालू लागली, फोनवर मोठ्याने हसू लागली. ते हसणं ऐकून धाकटीला मनापासून बरं वाटलं होतं. दुकानात कुणी विचारलं की ती सांगायची, घ्या, मी वाचलंय, चांगलं आहे.

मी वाचलंय. हे दोन शब्द आता तिच्या डोक्यात माशीसारखे घोंघावत होते.

त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. रस्त्यात दिसणारा प्रत्येक चेहरा ती, डबी उजेडात धरावी तसा, निरखून बघू लागली. दूधवाल्याची बायको, शेजारची सून, बँकेतली कॅशियर. तेच चकाकणारं कपाळ आणि त्याच शिरा. घरी आली की गॅस चालू ठेवून बाल्कनीत जायची, बाल्कनीत जाऊन कशाला आले ते विसरायची. नवऱ्याने एकदोनदा विचारलं, पायाला भिंगरी लागलीय का. शेवटी तिने कॉलेजातल्या एका मैत्रिणीला फोन केला. ती एका तपासणी प्रयोगशाळेत कामाला होती. डबी पाठवली, आणि धाकटी निरोपाची वाट बघत राहिली.

निरोप आला तो तिला वाटलं होतं तसाच. मलमात स्टेरॉइड होतं, आणि तेही तगडं. डॉक्टर ते अंगावरच्या पुरळावर मोजके दिवस देतात, चेहऱ्यावर तर शक्यतो देतच नाहीत. आधी कातडी तुकतुकीत होते, मग पातळ होत जाते, आणि सोडलं की उसळून येतं. डबीवर त्याचं नाव कुठेच नव्हतं. मैत्रीण म्हणाली, "तू कितीही नीट वाच गं. जे छापलेलंच नाही ते कसं वाचणार?"

धाकटीने हे नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ पायातली चप्पल काढायची विसरून बसला. मग म्हणाला, हळू घे, ताई पहिल्यांदाच उभी राहिलीय. त्या पुरवठादाराला गाठू, गुपचूप माल बदलू, कुणाला कळायचं कारण नाही. धाकटी म्हणाली, माल बदलला की सगळ्याजणींचं तोंड एकदम पेटेल, त्यांना कारण कोण सांगणार?  तो एवढंच म्हणाला, की मग तूच सांग तिला, माझ्याच्याने व्हायचं नाही.

दुपारी पार्लर रिकामं असतं. ताई आरशासमोर बसून डब्यांना झाकणं लावत होती. धाकटी उभ्या उभ्याच बोलली. सगळं एका दमात सांगून टाकलं, कारण मध्ये थांबली असती तर तिला पुढे बोलता आलं नसतं. ताईने झाकण लावायचं थांबवलं नाही.

"तुझ्या मैत्रिणीचं चुकलं असेल," ती म्हणाली.

"ताई, चुकलेलं नाही. तुमच्याही गालावर बघा."

"माझ्या गालावर?" आता ताईने वर पाहिलं. "माझ्या गालावर इतकी वर्षं कुणी बघितलं नव्हतं, धाकटे. आत्ता कुठं बघायला लागले लोक, तर तुला शिरा दिसल्या."

ताईने पुढची डबी ओढली.

"आणि डबी तूच वाचली होतीस ना? तूच म्हणालीस ना, ताई, झकास आहे, डोळे मिटून विका?"

"मीच म्हणाले."

"मग आता जा."

धाकटी गेली. पण त्याच संध्याकाळी तिने दुकानातल्या डब्या मालकाला सांगून पार्लरवर परत पाठवल्या आणि शिक्षिकेच्या घरी जाऊन तिला खरं काय ते सांगितलं. एकदम मनाने काही करू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, असंही सांगितलं. शिक्षिकेने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावताना विचारलं, "तुम्हीच दिली होती ना मला पहिली?" धाकटी हो म्हणाली. परत येताना तिची वाट चुकली, रोजच्या रस्त्यावर.

ही गोष्ट ताईच्या कानावर जायला वेळ लागला नाही. तिने भावाला फोन करून सांगितलं, की तुझ्या बायकोला माझं बरं बघवत नाही. आणि ती खोटी आहे हे मी दाखवूनच देते. आजपासून मी स्वतः मलम बंद करते, बघू काय होतं ते. धाकटीने नवऱ्याच्या हातून फोन ओढून घेतला आणि कळवळून सांगितलं, की ताई, असं एकटीने करू नका, डॉक्टरांना विचारून करा. पण तोवर फोन बंद झाला होता.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. धाकटी कामावरून परतताना मुद्दाम पार्लरवरून जायची. पहिल्यांदा ताई आत दिसली, तिने मान फिरवली. मग एक दिवस दार अर्धंच उघडं होतं. मग शटर खाली ओढलेलं. फोन उचलत नव्हती. नवरा जाऊन आला, तर आतूनच म्हणाली, बरी आहे, जा. धाकटीच्या हातून दुकानात एकाचं औषध दुसऱ्याला जाता जाता राहिलं. मालकाने तिला घरी जायला सांगितलं. ती घरी न जाता सरळ पार्लरच्या मागच्या दाराशी गेली आणि दार वाजवत राहिली.

"मी काही बोलणार नाही," ती दाराला तोंड लावून म्हणाली. "फक्त आत घ्या."

बऱ्याच वेळाने कडी निघाली. आत दोन्ही खुर्च्या आरशाकडे पाठ करून ठेवल्या होत्या. ताई त्यातल्या एकीत बसली होती. चेहरा सुजून लालबुंद झाला होता, डोळे बारीक झाले होते, गालांवर खपल्या आणि पुळ्या. ओठांच्या कडेने कातडी फाटली होती. तिने धाकटीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत भांडण शिल्लक नव्हतं.

"आग होतेय गं," ती म्हणाली. "डबी समोरच आहे. बोटभर लावलं की थांबेल, हे मला माहितीय. सारखा हात जातो."

"लावलंत?"

"नाही."

धाकटीने स्वच्छ रुमाल गार पाण्यात भिजवला, पिळला आणि ताईच्या गालांवर अलगद ठेवला.  काही तरी बोलावं म्हणून ती म्हणाली, चुकलं माझं, मी डबी नीट वाचली, पण विश्वास ठेवला तो तुमचं नाव बघून. ताईने रुमालाखालूनच मान हलवली. पुरवठादाराचा फोन केव्हाच बंद झाला होता, हेही तिने तेव्हाच सांगितलं. मग दोघी रिक्षाने डॉक्टरांकडे गेल्या. रिक्षात ताईने पदराने तोंड झाकून घेतलं होतं आणि दुसऱ्या हाताने धाकटीचं मनगट धरून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, काही महिने लागतील. गोळ्या दिल्या, आणि वरून लावायला बिनवासाचं साधं मलम. धाकटीने ते डॉक्टरांच्या समोरच उलटंपालटं करून दोनदा वाचलं, तेव्हा ताई इतक्या दिवसांत पहिल्यांदा किंचित हसली, आणि हसल्यावर ओठ दुखले म्हणून लगेच थांबली.

घरी येताना धाकटीने सुचवलं, की प्रत्येकीच्या घरी मी जाते, समजावून सांगते, तुम्ही बरं वाटेपर्यंत बाहेर पडू नका. चेहरा शांत झाला की मग पार्लर उघडू.  घराशी उतरल्यावर ताई म्हणाली, "तू सांगशील औषधाच्या भाषेत. त्या मान हलवतील आणि घरी जाऊन लावतील. मी नसतं का लावलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीला निरोप आला म्हणून ती धावत पार्लरवर गेली. शटर पूर्ण वर होतं. ताईने खुर्ची दाराच्या तोंडाशी, भरपूर उजेड येईल अशी ठेवली होती आणि ती तिथे बसली होती. पदर खांद्यावर होता, चेहरा झाकलेला नव्हता. तिने रात्रीच सगळ्यांना फोन केले होते. डबी घेऊन या, एवढंच सांगितलं होतं.

बायका आल्या. काहीजणी दारातूनच मागे वळल्या. एकीने तोंडावर हात धरला. दूधवाल्याची बायको रागाने नको ते बोलली, आणि ताईने ते सगळं मान खाली न घालता ऐकून घेतलं. मग ती तिला म्हणाली, की मला शिव्या दे, पण एकटीने बंद करू नकोस, हिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. शिक्षिका आली ती सरळ आतल्या दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसली. धाकटीला वाटत होतं, आपण पुढे होऊन काहीतरी सांगावं, स्टेरॉइड म्हणजे काय ते समजवावं. ती दोनदा उठली. दोन्ही वेळा ताईने हातानेच तिला बस म्हणून खुणावलं.

शेवटी एक म्हातारी आली. ती ताईची पहिल्यापासूनची गिऱ्हाईक, हल्ली तिला नीट दिसत नसे. एवढा गलका कशाचा चाललाय ते तिला कळेना. तिने पिशवीतून चष्मा काढला, पुसला, तरी तिला समाधान होईना. ती अगदी जवळ आली.

"काय झालंय म्हणे तुझ्या तोंडाला? मला तर काही दिसत नाही."

"अशा इकडून या," ताई म्हणाली. "इथं उजेड आहे."

आणि तिने डोळे मिटून चेहरा वर केला, म्हातारीला हवं तितका वेळ बघता यावं म्हणून.