होबार्टचा ओठ
इडेलाची धाकटी बहीण ज्युएल हिने छप्पन्नाव्या वर्षी होबार्ट स्लोनशी तिसरं लग्न लावलं, ते साल १९९८. त्याच वसंतात ट्रकखाली गेलेल्या एका रानटी, मांजराएवढ्या रॅकून मादीची चार पिल्लं इडेलाकडे आली. डोळे मिटलेले आणि अंगभर माश्यांनी घातलेली अंडी. इडेलाने चिमट्याने ती एकेक करून वेचली.

केंटकीच्या त्या खोऱ्यात अनाथ रॅकून वाढवून जंगलात सोडायचा परवाना एकट्या इडेला कोम्ब्सकडे होता. काम घाणीचं. दूध पाजलं की ओल्या कापसाने पिल्लाचं बूड चोळत बसायचं, तेव्हा कुठे ते मुतायचं. मोठी झाल्यावर ती पाण्याच्या टबातच हगत आणि त्याच पाण्यात मासे चाचपत. इडेलाला त्याची किळस वाटत नसे. किळस वाटे ती होबार्टची. तो तंबाखू चघळायचा आणि कॉफीच्या कपात थुंकायचा. तो कप जेवणाच्या टेबलावर, मक्याच्या पावाला खेटून ठेवलेला असे.

जून सरला की इडेला पिंजऱ्यात एक शब्द बोलत नसे. तोंडाला फडकं बांधून जायची, खाणं टाकायची, आणि पिल्लू पायाशी आलं की पातेलं बडवायची. माणूस दिसला की पळायचं, हे त्यांच्या अंगात मुरायला हवं होतं. नाहीतर सोडल्यावर पहिल्याच अंगणात कुणाच्या तरी बंदुकीसमोर जाऊन बसली असती.

तिघं शिकली. अर्ध्या शेपटीची मादी मात्र शिकेना. पातेलं वाजलं तरी ती मागच्या पायांवर उभी राहून इडेलाच्या तोंडाकडे बघे. तोंडाकडेच का, ते इडेलाला उमगेना. सोडायला दोन आठवडे राहिले होते.

त्या रविवारी ज्युएल आणि होबार्ट जेवायला आले. होबार्टने ओठावर रुमाल दाबला होता.

"काय झालं रे?"

"दाढी करताना कापलं, मेव्हणीबाई."

"चार दिवसांचे खुंट तर तसेच आहेत."

ज्युएल फिसकन हसली. "सांग की तिला! अगं, तू बाजाराला गेलीस की आम्ही मागच्या दाराने पिंजऱ्यात जातो. हा ओठांत मार्शमॅलोची मऊ गोड वडी धरतो, आणि ती अर्ध्या शेपटीची दोन्ही हातांनी याचे गाल धरून तो काढून घेते. अगदी पापा घेतल्यासारखं!"

"कधीपासून चाललंय हे?"

"जुलैपासून. आज तू चर्चला गेलीस तेव्हा मार्शमॅलो संपले, तर तिने ओठच धरला."

"चवच तशी आहे माझी," होबार्ट म्हणाला आणि कपात थुंकला. थुंकी तपकिरी होती, आणि तीत रक्ताची तार.

इडेलाने ताट दूर सारलं. "ही थुंकी तू दोन महिने त्या लेकराला चारत होतास."

"घाण तुमच्या पिंजऱ्यात आहे, बाई. मी जाताना दात घासून जातो."

रॅकून चावला की काउंटीला, म्हणजे जिल्हा कचेरीला, कळवायचं आणि जनावर मारून त्याचा मेंदू पिसाळीसाठी, म्हणजे रेबीजसाठी, तपासायचा, असा कायदा होता. जिवंत जनावराची तपासणी होतच नाही. होबार्टलाही हे ठाऊक होतं.

"कुणाला कळतंय?" तो म्हणाला. "मी काही बोलत नाही. गुपचूप सोडा तिला."

इडेलाने कळवलं नाही तर पिल्लू वाचत होतं. तिने त्या सुजलेल्या, ओल्या ओठाकडे पाहिलं आणि अशा माणसासाठी त्या पिल्लाचा जीव घ्यायचा होता. पण पिसाळी एकदा वर आली की माणूस हाती लागत नाही. आणि सोडली असती, तरी ती मादी पहिल्याच दिसलेल्या माणसाच्या तोंडाशी गेली असती.

"ज्युएल, याला गाडीत घाल. इस्पितळात ने, इंजेक्शनं टोचा म्हणावं. काउंटीला मी कळवते."

"अगं, नवऱ्यापुढे जनावराचं काय एवढं!"

"तुझ्या नवऱ्यासाठीच करतेय. पुन्हा माझ्या दारात आणू नकोस त्याला."

मंगळवारी सकाळी इडेला खोका घेऊन पिंजऱ्यात शिरली. तिघं सरसर छताशी चढून बसली. अर्ध्या शेपटीची चालत आली, इडेलाच्या गुडघ्यावर हात टेकून तिने वर तोंडाकडे पाहिलं, आणि काही मिळत नाही म्हणून खोक्यात डोकावली. झाकण लावायलाही जोर लागला नाही. इडेलाला आपल्या हातांची शिसारी आली.

शुक्रवारी तपासणीचा कागद आला. पिसाळी नव्हती. होबार्ट दुकानात ज्याला त्याला ओठाचा वण दाखवत हिंडत होता.

उरलेली तिघं बारा सप्टेंबरला ओढ्याकाठी सोडली. ती मागे वळलीदेखील नाहीत. अर्ध्या शेपटीची मादी १ सप्टेंबर १९९८ रोजी, मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता काउंटीच्या पशुवैद्याच्या टेबलावर मेली.