ओ न देण्याचा नियम

माझा काका मंगळवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसल्या बसल्या गेला. हे घडलंच नाही असं समजून पुढे वाचावं. घरात आम्हीही बराच वेळ तेच केलं.

काका दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि उरलेल्या वेळात विचित्र कथा लिहायचा. त्याच्या कथेत भूत नसायचं. भूत म्हणजे फारच ओळखीचा माणूस, असं त्याचं मत. त्याच्याकडे जिन्यातली एक जास्तीची पायरी असायची, ती रोज वेगळ्याच माणसाच्या पायाला लागायची. कपाटात राहणारं कुणीतरी असायचं, त्याला उजेडाची लाज वाटायची. ही कपाटाची कथा वाचलेले लोक अजूनही स्वतःचं कपाट उघडण्याआधी टकटक करतात. काकाला पुरस्कार कधी मिळाला नाही, टकटक मिळाली.

त्याची एक पद्धत होती. जे लिहायचं, ते आधी आठवडाभर घरात पाळून बघायचं. कपाटाच्या वेळी काकू बाहेरून आवाज देऊन मगच इस्त्रीचे कपडे आत ठेवायची. एकदा बेसिनखाली न दिसणारा जावई राहायला होता, त्याचे रुसवेफुगवे आम्ही आळीपाळीने काढले. घरचे जिथे हसले, तिथे काका खोडायचा. जिथे गप्प झाले, ते ठेवायचा.

शेवटच्या कथेतला माणूस मेलेला असतो आणि त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून त्या आठवड्याचा नियम असा: काकाकडे बघायचं नाही, त्याच्या हाकेला ओ द्यायची नाही. मेलेल्याचं काम काकाने अर्थातच स्वतःकडे घेतलं.

"अगं, मीठ कुठंय?" तो विचारायचा.

काकू मला म्हणायची, "खिडकी लाव रे, वारा फार बडबडतोय."

"आणि वाऱ्याचं पोट सुटलंय हल्ली," मी म्हणायचो. काकाची मिशी थरथरायची. पण मेलेला माणूस हसत नाही, म्हणून तो खोकायचा.

मंगळवारी जेवताना तो म्हणाला, "अगं, पाणी दे जरा. छातीत दुखतंय."

काकू भात वाढत होती. तिने मला डोळा मारला. "नवीन वाक्य दिसतंय," ती पुटपुटली. "चांगलंय."

"अगं, खरंच."

"हे तर त्याहून चांगलंय."

मग तो गप्प झाला. आम्हीही गप्प झालो. आमच्या घरी त्याचा अर्थ कथा जमली. ताटं उचलून होईपर्यंत कुणीही त्याच्याकडे बघितलं नाही.

नंतर काकाचे प्रकाशक भेटायला आले. म्हणाले, "वहिनी, शेवटची कथा अपुरीच राहिली म्हणे?"

"पुरी झाली की," काकू म्हणाली. "लिहायची तेवढी राहिली."

आता ती त्या रिकाम्या खुर्चीला दिवसभर ओ देते. भाजी चिरता चिरता मध्येच "आले हं!" म्हणते, हात पुसते, पाण्याचा पेला भरून नेते.

"काकू, कुणी हाक नाही मारली."

"माहितीय रे मला. मी काय वेडी आहे?" म्हणते, आणि पेला ठेवतेच.

परवा तिला नोंदणी कार्यालयात नेलं. खिडकीतल्या बाईंनी मृत्यूची वेळ विचारली.

"भात वाढून झाल्यावर," काकू म्हणाली.

"घड्याळातली सांगा, आजी."

"कशी सांगू हो? हे समोरच बसले होते. पण बघायचं नव्हतं ना."

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काही म्हणणं असेल तर लेखी अर्ज द्या."

काकूने सांगितलं, मी लिहिलं:

मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय यांस,

विषय: मृत्यूस अल्पकाळ स्थगिती मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदाराच्या पतीस मंगळवार दुपारच्या जेवणापुरते परत पाठवण्यात यावे. ते पाणी मागतील. अर्जदार ओ देईल व पाणी देईल. त्यानंतर कार्यालयाने आपली कार्यवाही नियमानुसार पूर्ण करावी. अर्जदाराची कोणतीही हरकत राहणार नाही.