अर्ध्यावर अडकलेली सीट

सकाळी हॉस्पिटलमधून दादाचा फोन आला. "बाबांना घेऊन ये. डॉक्टर म्हणतात, ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या. आई शुद्धीवर आहे. सारखी विचारतेय, आले का, आले का." एवढं बोलताना त्याचा आवाज चिरकला आणि त्याने फोन ठेवला. मी बाबांना नुसतं "चला" म्हटलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट तेवढा मागितला.

बाबा आयुष्यभर एका जपानी गाडीच्या कंपनीचे मेकॅनिक होते. कंपनीचं नाव आमच्या घरात कधी कुणी घेतलंच नाही. ती 'आपली कंपनी' होती. आपल्या कंपनीचा मालक म्हणे आधी शिवणयंत्रांचे सुटे भाग करायचा. लढाईत कारखाना जळाला, तेव्हा त्याने उरलेल्या पत्र्यातून तीनचाकी टेम्पो उभा केला आणि पहिला टेम्पो एका मासेवाल्याला दिला. ही गोष्ट आम्ही भावंडांनी जेवताना इतक्या वेळा ऐकली होती की दादा मध्येच विचारायचा, "बाबा, या वेळी मासेवाला की भाजीवाला?" कारण ते गिऱ्हाईक दर वेळी बदलायचं. बाबा चिडायचे नाहीत. "गिऱ्हाईक कोण का असेना, टेम्पो चालला ना?" असं म्हणून भाताचा घास घ्यायचे. आई त्या कंपनीला सवत म्हणायची. "माझ्या सवतीकडून आलात वाटतं," असं म्हणून ती त्यांच्या हातावर रॉकेल ओतायची आणि बोटांमधलं काळं ग्रीस घासून काढायची.

मग आपल्या कंपनीने एके दिवशी इथला गाशा गुंडाळला. शोरूम गेलं, वर्कशॉप गेलं, सुटे भाग मिळेनासे झाले. गाड्या मात्र राहिल्या आणि त्यांचे मालकही राहिले, सगळे बाबांसारखेच वेडे. त्यांचा एक ग्रुप आहे. कुणाची टॅक्सी मीटरचे आकडे संपून पुन्हा शून्यावर आलेली, कुणा बेकरीवाल्याची व्हॅन दोनदा नाल्यात पडूनही दुसऱ्या दिवशी पाव वाटायला निघालेली. सगळे एकमेकांना कौतुकं सांगत बसतात. गाडी बंद पडली असं त्या ग्रुपवर कुणी लिहीत नाही. लिहिलं तर पेट्रोलवाल्याला शिव्या बसतात, कंपनीला नाही.

बाबांची पाठ त्याआधीच वर्कशॉपमध्ये गेली होती. जॅक सरकला आणि गाडी अंगावर आली. तेव्हापासून कमरेखाली ताकद नाही, दुखणं मात्र सगळं शाबूत आहे. एकदा शेजाऱ्यांनी उत्साहाने त्यांना उचलून टॅक्सीत कोंबलं, तर खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर बाबांनी ग्रुपमधल्या ओळखीने ही गाडी मिळवली. जपानमध्ये कुणा म्हाताऱ्याने वापरलेली, जहाजातून आलेली. तिची पुढची सीट बटण दाबलं की दाराकडे वळते, बाहेर येते आणि व्हीलचेअरच्या उंचीला खाली उतरते. मधे गुळगुळीत फळी टाकली की मी एकटीसुद्धा बाबांना तिकडून इकडे सरकवू शकते. "बघ, आपली कंपनी म्हाताऱ्यांचाही विचार करते," बाबा म्हणाले होते. त्या दिवशी ते लहान मुलासारखे खुशीत होते. मलाही, खरं सांगते, त्या कंपनीचं पहिल्यांदाच कौतुक वाटलं.

सीट हलली की गाडीतली रेकॉर्ड केलेली बाई जपानीत एक वाक्य म्हणायची. गोड, अदबशीर आवाज. अर्थ कुणाला कळत नव्हता. गेल्या काही महिन्यांपासून ती आणखी एक लांबलचक वाक्य म्हणायला लागली होती. बाबांनी त्याचा अर्थ परस्पर लावून टाकला. "जपानी माणूस नम्र असतो. जुनं गिऱ्हाईक झालं की दोन शब्द जास्त बोलतात." तेही तिला मान हलवून नमस्कार करायचे. मी हसायचे, आणि खिडकीतून बघणारी आई म्हणायची, "करा, दोघी सवतींना नमस्कार करा."

त्या सकाळी मी बाबांना सीटवर घेतलं, पट्टा बांधला, पाय पायरीवर ठेवले आणि बटण दाबलं. सीट वर आली. बाई बोलली. सीट आत सरकून वळायला लागली आणि निम्म्या वळणावर बाईने ते लांबलचक वाक्य म्हटलं. मग कट असा आवाज झाला आणि सगळं थांबलं. बाबांचे गुडघे डॅशबोर्ड आणि दाराचा खांब यांच्यामध्ये घट्ट बसले होते. पाठ गाडीत, तोंड रस्त्याकडे. दार लागणं शक्य नव्हतं.

मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दुसऱ्या दिशेचं दाबलं. बाबा म्हणाले, "दाबत बसू नकोस, फ्यूज बघ." फ्यूज बघितला, ठीक होता. बॅटरीची वायर काढून लावली. काही नाही.

समोरचे शिंपीकाका कात्री हातात घेऊनच धावत आले. स्कूलबसचा ड्रायव्हर आला, दोन कॉलेजची पोरं थांबली. चौघांनी बाबांना काखेतून धरून उचलायला घेतलं आणि बाबा असे ओरडले की पोरांनी हात सोडून दिले. गुडघे सुटल्याशिवाय माणूस सुटणार नव्हता. सीट उघडायचे बोल्ट तिच्याच खाली होते, आणि सीट पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर असेल तेव्हाच ते दिसतात. आमची तर ना घरातली ना दारातली.

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

"पेशंट सिरियस आहे का?" तिकडून विचारलं.

"नाही. पेशंटची बायको सिरियस आहे."

"ती कुठे आहे?"

"हॉस्पिटलमध्ये."

"मग ॲम्ब्युलन्स कशाला हवी, मॅडम?"

मी सगळं पुन्हा सांगितलं. ओरडूनच सांगितलं. तो म्हणाला, नंबर लावतो, पण आधी जिवावरच्या केसेस. अग्निशमनवाल्यांनी ऐकून तरी घेतलं. त्यांच्या गाड्या शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गोदामाच्या आगीवर होत्या, पहिली मोकळी होईल ती पाठवतो म्हणाले. "दार कापावं लागेल," असंही सांगितलं. मी बाबांकडे बघितलं. या गाडीवर कुणी टेकलं तरी त्यांना चालायचं नाही. ते म्हणाले, "कापा म्हणावं. खांब कापा, छत कापा, काय कापायचं ते कापा, पण या."

मग मी ग्रुपवर फोन लावला. बंदरावर अशा गाड्या उतरवून घेणारे एक काका ग्रुपमध्ये आहेत, त्यांना थोडंफार जपानी समजतं. मी बटण दाबून फोन स्पीकरपाशी धरला. सीट हलेना, पण बाई बोलत होती. काकांनी दोनदा ऐकलं.

"हे कधीपासून म्हणतेय ती?"

"बरेच महिने."

"अगं, ती म्हणतेय, सीटच्या मोटरचा ब्रेक झिजलाय, ताबडतोब दाखवून घ्या, नाहीतर सीट जागच्या जागी लॉक होईल. सुरुवातीला क्षमा मागतेय, शेवटी पुन्हा क्षमा मागतेय."

बाबांनी ऐकलं. फोन स्पीकरवर होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला त्यांना खूप काही बोलायचं होतं. इतके महिने आम्ही दोघं तिला नमस्कार करत होतो, आणि ती बिचारी बोंब मारत होती. पण त्यांचा चेहरा बघून मी तोंड आवरलं.

काका म्हणाले, सीटच्या खाली एक भोक असतं, त्यात हँडल घालून फिरवलं की सीट हाताने हलते. हँडल आमच्या गाडीबरोबर आलंच नव्हतं. जहाजात कुणीतरी काढून घेतलं असावं. बाबांना ते माहीत होतं. "मी म्हटलं, लागणार कशाला," ते पुटपुटले.

मी रस्त्यावर पाठ टेकून सीटखाली डोकं घातलं आणि बाबांच्या पेटीतला पाना त्या भोकात बसवला. नीट बसत नव्हता. अर्धा फेरा फिरला की निसटायचा आणि माझी बोटं पत्र्यावर आपटायची. "घड्याळाच्या उलट," वरून बाबा सांगत होते. "दाबून धर. हां. आता सोड. पुन्हा." इतक्या फेऱ्यांनंतर सीट हलली असेल नखाएवढी. शिंपीकाकांनी मापाची टेप लावून बघितली आणि टेप गुपचूप खिशात टाकली. स्कूलबसच्या ड्रायव्हरने माझ्याकडून पाना घेऊन बघितला, त्याचा दंड माझ्या दुप्पट, पण त्याचा हातच आत जाईना. मी पुन्हा आडवी झाले. माझ्या बोटांतून रक्त येत होतं आणि मी त्या जळलेल्या कारखान्याला, त्या मालकाला, त्या मासेवाल्याला मनातल्या मनात लाखोली वाहत होते.

दादाचा फोन आला. "किती वेळ? ऑक्सिजन फार खाली गेलाय. तिने डोळे मिटलेत, पण ऐकतेय. बाबा कुठपर्यंत आलेत? खरं सांग."

मी खरं सांगितलं. फोनमधून दादाच्या श्वासाचा आवाज येत राहिला.

"माझ्याकडे दे," बाबा म्हणाले. मी फोन त्यांच्या हातात दिला. "तिच्या कानाला लाव," त्यांनी दादाला सांगितलं, मग हाताने फोन झाकून मला म्हणाले, "ते सोड. पलीकडे जाऊन बस. गाडी चालू कर."

"बाबा..."

"चालू कर म्हणतोय ना!"

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. मी न्यूट्रलमध्येच ॲक्सिलरेटर दाबला.

"अगं, आम्ही निघालोय," बाबा म्हणाले. "ऐकू येतंय ना? हा गाडीचा आवाज."

फोनमधून आईचा आवाज आला, अगदी बारीक. "अहो, कुठे आहात?"

"हे काय, बेकरीच्या वळणावर. पोरगी चालवतेय."

"तिला हळू चालवायला सांगा."

"हळूच चालवतेय." बाबांनी मला मानेने खूण केली. मी ॲक्सिलरेटर कमी केला. "शाळा आली बघ. मुलं बाहेर पडताहेत, म्हणून थांबलोय." मी इंजिन अगदी मंद केलं. "सुटलो. आता पुलाचा चढ." मी पुन्हा दाबला. मागून हॉर्न हवा म्हणून बाबांनी हात हलवला, तर स्कूलबसचा ड्रायव्हर पळत त्याच्या बसकडे गेला आणि तिथून हॉर्न वाजवायला लागला. शिंपीकाका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाबांचं तोंड रस्त्याकडे होतं, उन्हात शर्ट चिंब झाला होता, आणि ते आईला सांगत होते की नदीला पाणी कमी आहे, पुलाच्या कठड्याला नवा रंग दिलाय, सिग्नलला पुढे फक्त दोन गाड्या आहेत.

आई आधी "हो का" म्हणत होती. मग नुसतं "हं". मग मला काहीच ऐकू येईना. बाबा मात्र थांबले नाहीत.

"गेट आलं. वॉचमन आत सोडतोय. पोरगी खुर्ची काढतेय. बसलो. उतारावरून आत आलो. इथे औषधाचा वास येतोय बघ. कुठला मजला तुझा? असू दे, दादाने सांगितलाय. हे लिफ्टचं दार उघडलं. आत आलो."

"बाबा," फोनमधून दादा म्हणाला.

"आलोच. वर येतोय."

"बाबा, आई गेली."

"अरे, असं कसं?" बाबा म्हणाले. "मी लिफ्टमध्ये आहे ना."

दादा रडायला लागला. बाबा फोन कानाला लावून तसेच बसले होते, पुढचं सांगायला ओठ उघडलेले. मी इंजिन बंद केलं. खाली उतरले, पाना उचलला आणि पुन्हा सीटखाली डोकं घातलं, कारण त्यांचे गुडघे अजून अडकलेलेच होते.