बॅग कुणी भरायची

न्यायाधीशबाईंनी आपल्या खोलीत थोरलीला खुर्ची दिली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, कुणाकडे राहायला आवडेल? पोरांना हा प्रश्न विचारणाऱ्यांना एकदा कुणीतरी विचारायला हवं, की तुमचा कुठला डोळा ठेवू, उजवा की डावा?

थोरली आठवीतली, धाकटी पहिलीतली आणि दम्याची. आईबाबा वेगळे झाल्यापासून दोघी एक आठवडा बाबांकडे जुन्या घरात, एक आठवडा आईच्या भाड्याच्या खोलीवर. मागच्या महिन्यात धाकटीचा श्वासाचा पंप बाबांकडेच राहिला. त्यांना वाटलं, हिची आई नर्स, तिच्याकडे दुसरा असणारच. आणि वॉर्डातल्या एकेका गोळीवर नजर ठेवणाऱ्या आईला वाटलं, बॅगेत असेलच. धाकटीचे ओठ निळे पडले. दवाखान्याच्या दारात दोघं एकमेकांवर खेकसत होती, तेव्हाच थोरलीचं डोकं फिरलं. आता बास, असं तिने ठरवून टाकलं.

"कुणाकडेच नाही," ती म्हणाली. "जुन्या घरात आम्ही दोघी राहणार. आईबाबांनी आळीपाळीने यायचं."

बाईंना हसू आलं. त्यांनी समजावलं, की कायद्यात तशी सोय नाही बाळा.

"मग करा. कायदा करताना आम्हाला कुणी विचारलं होतं?"

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी आईबाबांना आत बोलावलं आणि मुलीचं म्हणणं सांगितलं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे, एरवी तोंडातून शब्द काढायचे नाहीत. पण ते उसळलेच. "दर आठवड्याला बॅग भरून मी कुठे जाऊ, मॅडम? आज इथे, उद्या तिथे. झोप तरी लागेल का? माणसाला स्वतःची म्हणून एक जागा लागते."

"मलाही नाही जमायचं," आई म्हणाली. कित्येक महिन्यांनी दोघांचं कशावर तरी एकमत झालं होतं.

थोरली बाबांकडे बघत राहिली. तिला खूप राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती. आपण काय बोलून बसलो, ते बाबांच्या हळूहळू ध्यानात आलं. त्यांनी मान खाली घातली.

न्यायाधीशबाईंनी टायपिस्टला हाक मारली. "वडील आत्ता जे बोलले, ते शब्दन् शब्द लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "मुलींचं म्हणणं म्हणून."